शाकारणीला कोण येतं

गव्हर्नरसाहेबांनी होडीतून उडी मारली ती एक लाट आधीच. होडी अजून वाळूला टेकली नव्हती. आमच्या बेटाचा मुख्य, ॲम्ब्रोज हेगन, "थांबा, थांबा" म्हणत होता, आणि साहेब कमरेपर्यंत पाण्यात! डोक्यावरची पिसांची टोपी तेवढी कोरडी राहिली. आम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून खोकलो. साहेबांना दंडाला धरून वर ओढलं ते लॉरेन्सने.

"आभारी आहे," साहेब म्हणाले. "नाव काय तुमचं?"

लॉरेन्सने नाव सांगितलं, तसा ॲम्ब्रोज मधे पडला.

"हा इथला नव्हे, साहेब. मासळीच्या फॅक्टरीचं इंजिन बघतो. केप टाउनचा आहे."

"अच्छा, तो लॉरेन्स," साहेब म्हणाले, आणि बुटांतलं पाणी पचपचवत वर चालू लागले.

म्हणजे त्यांनी येतानाच जहाजावर अर्ज वाचला होता. सेंट हेलेनाहून ट्रिस्टनला, म्हणजे आमच्या बेटावर, गव्हर्नर येतो तो जहाज मिळालं तर, कारकिर्दीत एखाद्या वेळी. या सर लायोनेलना दोन दिवस मिळाले होते. शाळा बघायची, बटाट्यांची शेतं बघायची, चहा प्यायचा, आणि परत जायचं. करण्यासारखं खरं काम एकच होतं, ते म्हणजे रोडा ग्रीनचा अर्ज.

रोडाला लॉरेन्सशी लग्न करायचं होतं. लग्नाला कुणाची ना नव्हती. पण बाहेरच्या माणसाला बेटावर कायमचं राहायचं असेल तर आधी बेटाच्या कौन्सिलचं मत घेतात, मग गव्हर्नर ठरवतात. कौन्सिलने नाही म्हटलं होतं. कौन्सिल म्हणजे ॲम्ब्रोज आणि त्याच्याकडे बघून माना हलवणारे आम्ही बाकीचे.

"आज एक घेतला तर उद्या दहा येतील," तो म्हणाला होता. "बटाट्याची जमीन काही फुगत नाही."

साहेबांनीही नाही म्हटलं की लॉरेन्सने जहाजात बसायचं. रोडाची आई सेलिना संधिवाताने खाटेला खिळलेली. तिला टाकून रोडा केपला जाणं शक्य नव्हतं. पोरीचा जीव टांगणीला लागला होता, आणि तरी ती साहेबांसाठी मोजे विणत होती, कारण मोजे विणायची पाळी तिची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी तिला बेटावरच्या सरकारी प्रशासकाच्या ऑफिसात बोलावलं. आत काय झालं ते तिने नंतर माझ्या बायकोला सांगितलं, म्हणजे सगळ्या बेटाला सांगितलं.

"बसा, मिस ग्रीन," साहेब म्हणाले. "कौन्सिलचं मत मी वाचलं. ते फक्त मत आहे. निर्णय माझा असतो." त्यांनी पेनचं टोपण काढलं. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "मी परवानगी देतोय."

रोडाची नजर दाराकडे गेली.

"तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला, साहेब. हा हुकूम बाहेर फळ्यावर लागेल का?"

"अर्थात."

"मग नको, साहेब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. बाईमाणसाला रागावू नये इतकं वळण त्यांना होतं, पण ते दुखावले. दोन दिवसांत करता येण्याजोगं हे एकच चांगलं काम, आणि तेही कुणी घेईना.

"कारण कळेल?"

"लॉरेन्सने घराच्या भिंती उभ्या केल्यात," रोडा म्हणाली. "दगड त्याने एकट्याने आणले. पण छप्पर एकट्याने होत नाही. आमच्याकडे शाकारणीला कुणाला बोलवत नाहीत, साहेब. आपण छपरासाठी गवताच्या पातीच्या पेंढ्या कापून ठेवायच्या, मेंढा कापायचा, आणि वाट बघायची. लोक आपणहून येतात."

"आणि नाही आले तर?"

"अजून कुणाच्या घरी असं झालं नाही."

"मी प्रशासकांना सांगून माणसं लावू शकतो."

"लावाल, साहेब. ती येतीलही. आढ्यापर्यंत नीट शाकारतील, आमचे लोक काम वाईट करत नाहीत. पण जेवायला थांबणार नाहीत. मग मला त्या घरात जन्मभर राहायचंय."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर ॲम्ब्रोज बैलगाडीपाशी उगाच घुटमळत होता.

"म्हणजे मी नकार द्यावा?"

"नको हो! नकार दिलात तर त्याला जावंच लागेल."

"अहो बाई, मग मी करू तरी काय?"

"काहीच करू नका," रोडा म्हणाली. आपण गव्हर्नरला काय सांगतोय हे लक्षात येताच ती उठून उभी राहिली आणि दाराला धडकून बाहेर पडली.

संध्याकाळी हॉलमध्ये निरोपाचा चहा होता. बायकांनी बटाट्याचे केक केले होते. साहेबांना विणलेले मोजे आणि लाकडी होडी मिळाली. मग ते बोलायला उभे राहिले. राणीच्या वतीने सगळं जे म्हणायचं असतं ते म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"आता मिस ग्रीनच्या अर्जाबद्दल," ते म्हणाले, आणि कपांचा आवाज थांबला. "मी तो वाचला. मी होही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. अर्ज मी कौन्सिलकडे परत पाठवतोय. पुन्हा विचार करा आणि तुमचं काय ते ठरवा. तुम्ही जे ठरवाल त्याखाली मी सही करेन. तोवर लॉरेन्स इथेच राहतील. मिस्टर हेगन, हे आता तुमच्या हातात."

ॲम्ब्रोजचं तोंड बघण्यासारखं झालं. केकचा घास गालात तसाच.

सकाळी साहेबांना जहाजावर पोचवून परत येताना तो वल्ह्यांवर नुसता राग काढत होता.

"गव्हर्नर कशाला असतो रे?" त्याने मला विचारलं. "सांग ना, कशाला असतो?"

"राणीची टोपी घालायला."

"फाजीलपणा नको. अरे, आपण नाही म्हणायचं, त्याने हो म्हणायचं! मग पोरगीही खूश, आणि बाकीचेही म्हणणार, ॲम्ब्रोज काय करील, वरून हुकूम आला. सगळं जमवलं होतं मी! आणि हा माणूस होडीतून पाण्यात पडतो, आमच्या मेंढ्या खातो, आणि काम आमच्याच गळ्यात मारून जातो!"

"म्हणजे तुझी ना नव्हती?"

"माझं काय विचारतोस? तू हात वर केलास ना नाहीला?"

केला होता. ॲम्ब्रोजने केला म्हणून. आणि ॲम्ब्रोजने केला, कारण हो म्हणायला गव्हर्नर आहेत. होडीतले सगळेच हात तेव्हा वर गेलेले, त्यामुळे सगळ्यांनी वल्ही जोरात मारली.

महिना गेला. कौन्सिल बसली नाही. ॲम्ब्रोजला कधी कंबर धरायची, कधी मासे लागायचे. शेवटी रोडाने कुणालाच न विचारता मेंढा कापला. सकाळी बघतो तर भिंतींच्या कडेला पेंढ्यांचा ढीग लागलेला, शिडी उभी, आणि लॉरेन्स इस्त्रीचा शर्ट घालून शिडीला धरून उभा. शाकारणीला इस्त्रीचा शर्ट!

आम्ही आपापल्या दारांत. कुणी जाळं उसवत होतं, कुणी उसवलेलं पुन्हा विणत होतं. बायको मला म्हणाली, "जा ना." मी म्हटलं, "जातो, कुणी निघू दे." मला वाटतं प्रत्येक घरात हेच चाललं होतं. उन्हं वर आली. रोडा दोनदा बाहेर येऊन वाटेकडे बघून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने वाटेकडे बघितलंच नाही. लॉरेन्सला म्हणाली, "आत ये. ऊन लागेल." तो हलला नाही.

मला स्वतःची फार लाज वाटली. पण मी उठलो, असं काही सांगत नाही. उठला तो ॲम्ब्रोज. कंबर धरून, कुणाकडे न बघता वाटेने गेला, भिंतीवर हात फिरवला, शिडी हलवून पाहिली आणि वर चढला. वरून हात खाली केला. लॉरेन्सने गडबडीने पेंढी फेकली. ती सुटली, आणि सगळी पात ॲम्ब्रोजच्या तोंडावर.

"अरे गाढवा!" तो एवढ्याने ओरडला की सेलिनाने खाटेवरून काय झालं म्हणून विचारलं. "ही काय बांधायची रीत झाली? हात आहेत की वल्ही? इंजिनं दुरुस्त करतो म्हणे! आणि तो शर्ट काढ आधी, लग्न नाहीये आज!"

लॉरेन्स लाल होऊन शर्टाची बटणं काढू लागला. रोडा चुलीपाशी होती. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हुंदके देत रडायला लागली. बेटावर आजवर लॉरेन्सशी सगळे पाहुण्याशी बोलावं तसे फार सभ्यपणे बोलत आले होते.