धुळामामाची शेवटची पकड

मिसरूड फुटल्यापासून धुळा आपल्या गावाच्याच संघातून कबड्डी खेळला. गाव कडेगावच्या अलीकडं, कामाला कुपवाडच्या कारखान्यात लेथवर. पाळी सुटली की तो गाडीला किक मारायचा आणि अंधार पडायच्या आत गावच्या मैदानावर हजर. सांगलीच्या एका मोठ्या संघानं त्याला दोनदा बोलावलं, पण तो गेला नाही. डावा कोपरा त्याचा. समोरच्याचा घोटा त्याच्या पंजात सापडला की सुटणं कठीण. एवढं होऊनही जिल्ह्याची ढाल गावात कधी आली नाही.

मग उजवा खांदा निखळला, आणि वर्षभरानं पुन्हा. आता निखळला तर लेथचा दांडा ओढायलाही हात उरणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. उमानं, त्याच्या बायकोनं, खेळायचे बूट उचलून शेजारच्या पोराला देऊन टाकले. धुळानं खेळ सोडला.

दोन वर्षांनी गावचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला पोचला. विश्रामबागेतलं मैदान, समोर तोच सांगलीचा संघ, आणि त्यांचा पहिला चढाईपटू शिवतेज. शिवतेज म्हणजे धुळाच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. त्याला कबड्डी धुळानंच शिकवली होती. राखीव खेळाडू कमी पडले म्हणून कर्णधार जयराजनं धुळाचं नाव यादीत नुसतं घालून ठेवलं होतं. तो बाकावर बसून राहील, असं उमाला सांगून झालं होतं.

उत्तरार्धात डाव्या कोपऱ्यातल्या पोराचा पाय मुरगळला. बाकीचे बदली खेळाडू आधीच संपले होते. जयराजनं बाकाकडं पाहिलं. प्रेक्षकांत उमा उठून उभी राहिली आणि तिनं 'नको' म्हणून मान हलवली. धुळानं तिच्याकडं पाहिलं, नजर खाली वळवली आणि शर्टाची बटणं काढली. तो अनवाणीच आत गेला.

पहिल्या काही चढायांत त्याच्याकडं कुणी फिरकलंच नाही. गुण सरकत सरकत बरोबरीत आले आणि शेवटची चढाई शिवतेजच्या वाट्याला आली. गुण घेऊन परतला तर ढाल त्यांची, अडला तर गावाची.

शिवतेज सरळ धुळाकडं आला. मामाचा कुठला खांदा दुखरा, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं धुळाच्या उजव्या बाजूला हूल दिली. धुळा वळला नाही. पुढच्या क्षणी पाय आत आला आणि धुळानं दोन्ही हातांनी घोटा धरला. शिवतेज मध्यरेषेकडं झेपावला. बाकीचे दूर होते. धुळा मातीतून फरफटत निघाला, रेषा हातभर राहिली, आणि खांद्यातून कट्ट असा आवाज आला. उजवा हात गळून पडला. डाव्याची बोटं तेवढी घोट्यावर होती.

आणि शिवतेज थांबला. हात लांबवला असता तर रेषा सापडली असती. तो तसाच पालथा पडून राहिला, तोवर चौघे येऊन त्याच्यावर पडले. पंचांनी शिट्टी दिली.

गावकऱ्यांनी जयराजला खांद्यावर घेतलं. शिवतेजचे सोबती त्याच्याकडं पाठ फिरवून निघून गेले. दवाखान्याकडं निघालेल्या रिक्षात धुळाच्या एका बाजूला उमा, दुसऱ्या बाजूला शिवतेज. निखळलेला हात शिवतेजनंच खालून धरला होता. उमा रडत नव्हती, बाहेर बघत होती.

धुळानं विचारलं, "का थांबलास रं?"

"आवाज आला मामा. तुमचा हात सुटला, ते कळलं मला."

आयुष्यभर ज्या ढालीसाठी धुळा मातीत लोळत आला, ती भाच्यानं दिलेली निघाली. त्याला राग आला आणि त्या रागाचीच लाज वाटली.

"बरं केलंस असं मी म्हननार न्हाई," तो म्हणाला.

"नका म्हनू."

उमानं पहिल्यांदाच वळून दोघांकडं पाहिलं. "मी म्हनते," ती म्हणाली आणि पदराच्या टोकानं धुळाच्या कपाळावरची माती पुसू लागली. रिक्षा खड्ड्यात आदळली. धुळा कळवळला आणि शिवतेजला म्हणाला, "नीट धर गड्या. आजून लय लांब हाय."