पिशाच्चाचं तांबडं पाणी

मिऱ्या बंदरावर मुंगीला शिरायला वाव नव्हता. मधोमध भस्म फासलेले बुवा, पुढ्यात पेलाभर तांबडं पाणी. आजारी धाकू खलाशाने पेल्यात फुंकर घातली, बुवांनी कमंडलूतलं तीर्थ ओतलं आणि बघता बघता पाणी नितळ!

"दर्यातलं पिशाच्च! उडालं!" बुवा गरजले. "पण घिरट्या घालतंय हो अजून! मीठ-पेजेवरच ठेवा पोराला. आंबटाचा थेंब पोटात गेला, की आलंच परत!"

सगळ्यांनी हात जोडले. जोडले नाहीत ते धाकूच्या चुलतबहिणीने, दमयंतीने. मुंबईच्या प्रयोगशाळेत ती जीवनसत्त्वांवर काम करी. तिथली ती पहिलीच बाई. बुवांच्या पाण्याचा वास तिला गेल्या खेपेलाच ओळखीचा वाटला होता. म्हणून आज ती तयारीनेच आली होती.

धाकू कित्येक महिने गलबतावर नुसता भात नि सुकी मासळी खाऊन परतला होता. हिरड्यांतून रक्त, पाय काळेनिळे. आल्यापासून बुवांचं पथ्य चालू, आणि पोर खंगतच चाललेला. पिशाच्च दर खेपेला उडतं, मग माणूस का उठत नाही?

"काकी, याला आवळा दे," ती म्हणाली.

"नको गो बाय!" धाकूची आई यमुनाकाकी कळवळली. "पथ्य मोडलं तर माजा पोर जाईल!"

दमयंती पुढे झाली. "बुवा, तीर्थ चाखू द्या."

"बाईने शिवलं तर बाटतं!"

"बरं, राहू दे." तिने पिशवीतून दवाखान्यातलं आयोडीन काढून दुसऱ्या पेल्यातल्या साध्या पाण्यात टाकलं. तस्संच तांबडं! मग बाजारातला आवळा किसून त्यात पिळला. पाणी नितळ झालं.

"आता यात कुणी फुंकलं?" तिने विचारलं. गर्दीत चुळबुळ झाली. "प्रयोगशाळेत मी रोज हेच करते. रसाने रंग जितका उडेल, तितकं त्यात सत्त्व. तेच मिळालं नाही म्हणून धाकूच्या हिरड्या फुटल्यात."

काकीचा आवाज फाटला. "म्हंजे ह्याचं औषध हा मेला पाण्यात वतीत व्हता?"

बुवा कमंडलू पोटाशी धरून उठू लागले. काकीने तो हिसकावला. दमयंतीने आधी थेंब जिभेवर घेतला: चोख आवळा! मग तो कमंडलूच धाकूच्या तोंडाला लागला.

मंडळी, रंग उडाला म्हणजे रोग उडाला असं नव्हे. पाणी नितळ झालेलं सगळ्या बंदराने पाहिलं. धाकू बरा होतोय का, हे पाहायला कुणाला सवड नव्हती. चमत्कार दिसला, की पेल्याकडे नको, आजाऱ्याकडे बघा.