हिऱ्याला रेल्वे दाखवायची

हिऱ्याला विकायचं असं धरमसिंगनं ठरवलं आणि चंदाबाईचं डोकं सणकलं. खरं सांगायचं तर धरमसिंगचंही चुकलं नव्हतं. कापसाची गाडी घेऊन तो दारव्ह्याला गेला होता. फाटकाशी पोचतो न पोचतो तोच आगगाडीनं शिट्टी मारली आणि हिऱ्या बैल असा उधळला, की गाडी नाल्यात, कापूस काट्यात आणि धरमसिंगचा पाय चाकाखाली. पाय बांधून घरी आला तो एकच घोकत, "येत्या बाजारी इकतो याले. या बैलाच्या मांगं मी पुन्हा बसनार नाही."

आणि उधळणारा बैल घेणार कोण? कसाईच. हे काय चंदाबाईला कळत नव्हतं! हिऱ्याची माय त्याला जन्म देऊन मेली, तेव्हापासून चंदाबाईनं त्याला शेळीचं दूध बोटानं चाटवून जगवला होता.

"मी याले रेल्वे दाखवून आनतो," ती म्हणाली. "डोळे भरून पाहीन, मंग भेव जाईन त्याचं."

"बैलाले रेल्वे?" धरमसिंग खो खो हसला. "तिकीट काढजो मंग त्याचं!"

"हास तू. गाडीपुढं उभा राह्यला तर हिऱ्या घरचा. नाही राह्यला तर म्या सोता त्याले बाजारात नेऊन बांधतो. कबूल?"

धरमसिंगनं कबूल केलं. बायकोनं एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेवाचंही ती ऐकत नसे, आणि आडवं जायला त्याचा पाय तरी कुठं धड होता!

पुसदकडच्या त्यांच्या तांड्यातून बैल बाहेरगावी निघाला म्हणजे त्याला नटवणं आलंच. आरशांची झूल, कवड्यांची मोरकी, गळ्यात घुंगुरमाळ. जोडीला म्हातारा कोसा बैल होता. अंगावर वीज पडली तरी त्याचं रवंथ थांबलं नसतं. गाडीत मागं सासू रुपीबाई चढून बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "सून एकटी जाऊन राह्यली, लोक काय म्हनतीन," एवढं बोलून तिनं पथारी पसरली.

वाटेत दिग्रसकडं मोडलेल्या लाइनीचं एक ओसाड ठेसन लागलं. रूळ कधीच उखडून नेलेले, फलाटावर गवत, मास्तरच्या खोलीत शेळ्या. चंदाबाईनं हिऱ्याला सोडलं आणि दोरीला धरून सगळं ठेसन हिंडवलं. कोळसा पडायचा तिथली काळी माती हुंगवली, पाण्याच्या टाकीखाली उभा केला. रुपीबाई काही गाडीतून उतरली नाही.

"आपली लदेणी याच मेलीनं खाल्ली," ती थुंकून म्हणाली. "माह्या बापाचे बैल मीठ लादून मुलूखभर फिरत. रेल्वे आली अन् आमी बसलो ढेकळं फोडत."

"मंग दुश्मनाचं घर पडलेलं पाह्यलं ना, याडी?" चंदाबाई म्हणाली. सासूला ती याडीच म्हणे, म्हणजे आई. म्हातारीला हसू फुटलं, पण तिनं ते पदराआड दाबलं.

दारव्ह्याला ठेसनामागं इंजिनांची जुनी शेड होती. राखणदार देवराव दोन वर्षांखाली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेला, मोठा दिलदार माणूस. बैलाला इंजिन दाखवायचंय म्हटल्यावर तो आधी पोट धरून हसला आणि मग दार उघडलं. आत एक निकामी इंजिन गंजत पडलं होतं. हिऱ्यानं ते हुंगलं, चाटलं आणि वर तिथंच शेण टाकलं.

"गेलं भेव!" चंदाबाई हरखली.

कशाचं जातंय! यवतमाळची गाडी शिट्टी मारत आली आणि हिऱ्या उधळला. चंदाबाईनं दोरी सोडली नाही, म्हणून गुडघे फुटले. पुढच्या गाडीलाही तीच गत. या खेपेला कोपरं सोलली.

"पुरे कर व बाई," देवराव कळवळला. "जीव जाईन तुहा."

चंदाबाई धुळीत बसून विचार करू लागली. शिट्टी झाली की हिऱ्या जागीच थरथरतो. थरथरला की गळ्यातली माळ खणखणते. आणि तो उधळतो तो माळ वाजल्यावर! तिनं कपाळावर हात मारून घेतला. तांड्यात गोऱ्हा जुंपायला काढला की पहिली गोष्ट हीच शिकवतात: माळ वाजली की पाय उचल, जोरात वाजली की धाव. म्हणजे त्याला रेल्वे पळवत नव्हती, आपणच पळवत होतो. ती उठली आणि माळेच्या गाठीला हात घातला.

रुपीबाई ताडकन उभी राहिली. "सोड ते! घरातलं मानूस मेलं तरच आपल्यात बैलाचा गळा उघडा करतात. माह्या पोरावर कायले अवदसा आनून राह्यली?"

चंदाबाईचा हात थांबला. नवऱ्याचं वाईट चिंतणारी बाई नव्हती ती.

"याडी, तुमच्या पोराचा पाय याच माळेनं मोडला," ती शेवटी म्हणाली. "उद्या मान मोडन." आणि माळ काढून तिनं सासूच्या ओटीत टाकली.

सांजची गाडी आली. शिट्टी झाली तसा हिऱ्या कानापासून शेपटीपर्यंत थरथरला, जागीच मुतला. चंदाबाईनं दोरी ढिली सोडली आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. इंजिन धूर ओकत अगदी जवळून गेलं, मागून डबे गेले, आणि हिऱ्या उभाच. चंदाबाई ठेसनावरच्या माणसांदेखत भोकाड पसरून रडली. देवरावनं टाळ्या वाजवल्या. रुपीबाईनं माळ मुठीत घट्ट धरली आणि गाडीतल्या पथारीवर अंग टाकलं.

माळ परत बांधायची नाही, हे चंदाबाईचं पक्कं होतं. त्यामुळं झालं काय, की उघड्या गळ्याचा बैल तांड्यात शिरलेला दिसला आणि बायकांनी गळेच काढले. धरमसिंग काठी टेकत बाहेर आला. गाडीत गोधडीखाली आई निपचित पडलेली पाहून तो पांढराफटक पडला.

"याडी! माही याडी गेली व!"

रुपीबाई डोळे चोळत उठून बसली. "काहून बोंबलून राह्यला? मी जिती हाय."

"मंग कोन मेलं?"

"हिऱ्याचं भेव मेलं," म्हातारी म्हणाली. "गाडीपुढं उभा राह्यला. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं." मग तिनं पुढची फळी थोपटली. "ये, बस याच्या मांगं. का तुहं भेव जितंच हाय अजून?"

सगळा तांडा बघत होता. धरमसिंगनं आपल्या पायाकडं पाहिलं, हिऱ्याच्या उघड्या गळ्याकडं पाहिलं. मग काठी गाडीत फेकली, लंगडत वर चढला आणि चंदाबाईपुढं हात केला.

"आन तो कासरा."