रीटाचा नवस

माझ्या कण्याला संधिवात आहे. मणके एकमेकांना असे चिकटलेत, की मागून कुणी हाक मारली तर अख्खं अंग वळवावं लागतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सिगारेट सोडली नाही तर फासळ्याही आखडतील, मग श्वास घेणं मुश्कील. घरी येऊन मी बायकोला, रीटाला, सांगून टाकलं की सोडली.

तिनं लगेच चर्चमध्ये नवस केला. माझ्या नवऱ्याची, झेवियरची, सिगारेट सुटलेली राहू दे, मी वर्षभर मासळी खाणार नाही. खाडीकाठी जन्मलेली बाई ही! मला कोळंबी वाढायची आणि स्वतः वरणभात चिवडत बसायची. मी इकडे कोपर गावातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर रोज चार ओढायचो. लाज वाटायची, पण लाजेनं तलफ जात नाही. खरी भीती वेगळीच होती. देवाला फसवलं तर तो शिक्षा कुणाला करेल, मला की तिला?

चार महिन्यांनी डॉक्टरांनी छातीला टेप लावून श्वास भरायला सांगितलं. मागच्या वेळी छाती तीन सेंटिमीटर फुगली होती, आता जेमतेम दीड. त्यांनी सिगारेटचं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत रीटा म्हणाली, चार महिन्यांत एकही नाही, आणि माझ्याकडे कौतुकानं बघितलं.

मग आजारच वाढतोय, डॉक्टर म्हणाले, आता जोरदार इंजेक्शन सुरू करावं लागेल. त्यात प्रतिकारशक्ती कमी होते, अंगात क्षय दबलेला असेल तर उसळतो. माझा बाप क्षयानंच गेला. शेवटी त्याला श्वासासाठी तडफडताना मी बघितलंय.

“डॉक्टर, रोज चार ओढतो मी,” मी म्हणालो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. इंजेक्शन आता नको, आधी तीन महिने खरोखर सोडा, म्हणाले. आखडलेल्या फासळ्या मोकळ्या होतील का, ते मात्र सांगता येणार नाही.

मला वाटलं, घरी गेल्यावर रीटा भांडेल. तिनं रिक्षा बाजारात थांबवली, ओले बोंबील घेतले, घरी येऊन तळले आणि माझ्यासमोर बसून जेवली.

“माझा नवस संपला,” ताट उचलताना ती म्हणाली. “आता तुझं तू बघ.”

चाळीस वर्षांच्या संसारात ती असं कधीच म्हणाली नव्हती. मी श्वास भरून बघितला. तो अर्ध्यावरच अडला.