चौथ्या मजल्यावरचा दयाळ

रोपवाल्या मावशींना गंडवणं सोपं नव्हतं. उभं आयुष्य अंगणात रोपवाटिका चालवलेली. गिऱ्हाईक फाटकातून आत आलं की हा रोप जगवणार की मारणार, हे त्या त्याच्या नखांवरून सांगायच्या. अशी बाई ते घर, ते अंगण विकून मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला तयार झाली, ती एका पक्ष्यापायी.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मावशी थोडे दिवस म्हणून मुलाकडे आल्या होत्या. पहिल्याच पहाटे खिडकीशी दयाळ गायला. मग रोजच गाऊ लागला. मावशींना झोप लागू लागली, दोन घास जास्त जाऊ लागले. "इथंही जीव रमतो की," असं त्या एकदा बोलून गेल्या, आणि मुलाने ते वाक्य खाली पडू दिलं नाही. घराला गिऱ्हाईक मिळालं. मावशींनी सही केली.

मधे थंडी पडली. थंडीत दयाळ गाणं आवरतं घेतो, हे मावशींनीच कितीजणांना सांगितलं असेल. हा मात्र ठणठणीत गात होता. "शहरातला आहे. रात्रभर दिवे जळतात, बिचाऱ्याला ऋतू कसा कळणार?" अशी त्याची वकिली मावशींनीच केली. दुसऱ्या कुणी केली असती तर मावशींनी त्याला फाटकाबाहेर काढलं असतं.

मग मुलगा कामासाठी परगावी गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे दयाळ जरा जोरातच गायला. गाणं संपल्यावर फाटक कुरकुरलं आणि एक बाई खेकसली, "शुक शुक! झोपायला माझीच कुंडी सापडली का गं तुला?"

मांजराला हाकलणारा तो आवाज मावशींचा स्वतःचा होता.

एसीच्या डब्यामागे त्यांना छोटासा स्पीकर सापडला. सून फोन हातात घेऊन दारात उभी होती.

"रोज हे लावायचे, आई. कुठे थांबवायचं ते मला माहीत नव्हतं."

"माझ्या अंगणातलाच आहे ना हा?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"वाटलं ना. म्हणून तर सही केली."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, झोप तर खरीच लागत होती ना? मग पक्षी खरा की खोटा, काय फरक पडतो?"

"फरक एवढाच, की घर मी त्या पक्ष्याच्या शब्दावर विकलं. तुझ्या शब्दावर विकलं नसतं."

स्पीकर मावशींनी कपाटात कोंडून किल्ली उशीखाली ठेवली. पहाटे ठरल्या वेळी जाग आली. खाली पाण्याचा पंप सुरू झाला, कुणीतरी गाडी धुऊ लागलं. आणि त्या सगळ्यावरून, पहिल्या शिळेपासून शेवटच्या शिळेपर्यंत, दयाळ गायला.

मावशी उठून बसल्या. कठड्यावर कुणी नव्हतं. मुलाचा राग मुलावर काढता आला असता. हे कान तर त्यांचे स्वतःचे होते, अंगणात वाढलेले, आणि तेही मुलाला सामील झाले होते. त्यांनी खिडकी लावून घेतली. गाणं थांबेना. एवढा संताप पोटात असूनही मावशींचे डोळे जड होऊ लागले.