डिंपलने निवडलेली मोटर

मी एक जुनी मोटर आहे, मित्रांनो. कूलरच्या टाकीत बुडून पाणी वर चढवणारी, मुठीएवढी, आणि बोलायला जरा फटकळ.

असोद्याच्या या घरात मी सहा उन्हाळे काढले. घरचे म्हातारे आबा दर आठवड्याला मला घासत आणि आल्यागेल्याला सांगत, मोटर गुणाची आहे. कूलर गंजला, तशी मी माळ्यावर गेले.

यंदा मे महिन्यात आबांच्या नातीचा, डिंपलचा कॉम्प्युटर उन्हाने तापून सारखा बंद पडू लागला. त्यावर ती हलती चित्रं काढते. एक चित्रफीत सोमवारपर्यंत पुण्याला पाठवली, तरच तिथली नोकरी मिळणार होती. मग कॉम्प्युटर पाण्याने गार ठेवायचं तिने ठरवलं. मला माळ्यावरून काढून पिशवीत घातलं आणि बाकीचं सामान घ्यायला ती जळगावला तौफिकभाईंच्या दुकानात गेली. ठिबकची नळी वळवताच मुडपली, म्हणून तिने मऊ पारदर्शक नळी घेतली. जुन्या गाडीचा छोटा रेडिएटर गळतो का, ते बादलीत बुडवून, फुंकून पाहिलं. तौफिकभाई नवी मोटर दाखवू लागले, तर म्हणाली, "आमच्या घरची आहे. तिच्यावर माझा भरवसा आहे."

काय फुलले मी तेव्हा! तौफिकभाईंनी बजावलं होतं, मोटर बुडेल त्या डब्यात बॅटरीत घालतात तेच पाणी घाल आणि डब्याला झाकण लाव. झाकण तिने काही लावलं नाही. उन्हाने पाणी आटू लागलं, बॅटरीचं पाणी संपलं, आणि कूलरची सवय असलेली ही पोर रोज वरून बोअरचं पाणी ओतू लागली. क्षार माझ्या पंख्यावर चढले. मी घरघरले, कण्हले. तिने कानाला हेडफोन लावला.

सोमवारी दुपारी मी अडकले. कॉम्प्युटर बंद पडला, काम अर्धं राहिलं आणि मुदत टळली.

तौफिकभाईंनी मला उघडून पांढरा थर नखाने खरवडला. "बेटा, मोटर चांगली आहे. पाणी बोअरचं घातलंस ना?" तिने होकारार्थी मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला.

घरी आबांनी विचारलं, "काय झालं वं?"

"मोटरच खराब निघाली, आबा."

आबांनी मला हातात फिरवलं आणि भंगाराच्या गोणीत टाकलं. डिंपल शेजारीच उभी होती.

मित्रांनो, आम्हाला जन्मभर सांभाळा असं मी म्हणत नाही. झिजलो की खुशाल टाका. पण आमची घाण वेळेवर काढा, आम्ही कण्हलो तर ऐका, आणि चूक तुमची असेल तर 'माझं चुकलं' एवढं म्हणा. डिंपलने एवढं म्हटलं असतं, तर आबांनी मला घासून पुन्हा चालू केलं असतं.