नाव-गाव नसलेलं आख्यान

“थांब चिसोमो. आधी बाईचं नाव सांग, मग गाव, आणि मग तिचं दुःख,” लॅपटॉपकडे वाकून उमाताई इंग्रजीत म्हणाल्या.

पडद्यावरच्या मुलीने मान डोलावून पुन्हा सुरुवात केली. कर्जतला संध्याकाळचे पाच झाले होते, तिकडे आफ्रिकेतल्या मलावीत दुपारचे दीड. चिसोमो डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती. क्षयाचे रोगी औषध अर्ध्यावर का सोडतात, यावर तिने संशोधन केलं होतं आणि गुरुवारी ते भरल्या सभागृहात इंग्रजीतून मांडायचं होतं.

उमाताईंनी कर्जतच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर परदेशातल्या या मुलांना त्या विनामोबदला शिकवू लागल्या. संशोधन कसं करायचं, हे शेलूचा डॉक्टर अनुपम शिकवी. केलेलं कसं सांगायचं, हे उमाताई. त्यांची रीत मात्र कीर्तनातली. आधी पूर्वरंगात सिद्धांत मांडायचा, मग उत्तररंगात एक आख्यान लावायचं. त्या मुलांना नारदाची गादी ठाऊक नव्हती, पण आख्यान सुरू झालं की तीही सरसावून बसत.

चिसोमोचं आख्यान एका आईचं होतं. सासरपासून आजार लपवून गोळ्या घेणाऱ्या आईचं. ऐकताना उमाताईंचे डोळे भरून आले.

वर्ग संपताच, तो ऐकत बसलेल्या अनुपमचा फोन आला. “काकू, रुग्णाचं नाव सांगता येत नाही. गावही नाही. सभागृहात त्याच भागातली माणसं असणार.”

उमाताईंना ते पटेना. नाव-गावाशिवाय आख्यान म्हणजे कुणाचंच नाही, ते ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडायचं कसं, असं त्यांनी ऐकवलं. मुलीला यातलं काही कळणार नाही, मीच बघते, म्हणत फोन ठेवला. आणि मग गोदापुढे अनुपमच्या नियमांचं गाऱ्हाणं मांडलं. सगळी गोष्टच सांगितली, नाव तेवढं सोडून.

गोदा बारा वर्षं त्यांच्याकडे कामाला होती. फरशी पुसता पुसता ती थांबली.

“बाई, माजं नाव कुनी असं घेतलं असतं ना, मी गोल्या सोडल्या असत्या.”

“तुझं कशाला गं?”

“सा महिनं खाल्ल्या मी. हितं समदी वळखीची, म्हनून खालापूरला जायची आनायला. तुमी म्हनायच्या, गोदे, किती गं खाडे.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुमाला सांगायचं म्हंजी,” गोदा हसली, “तुमी आख्यान लावलं असतं.”

उमाताईंना हसू आलं, पण ते पुरतं ओठांवर आलं नाही. ते खाडे त्यांना आठवत होते. दोनदा त्या चांगल्याच बोलल्याही होत्या. उठून त्यांनी चहा टाकला, दोघींचा.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर त्यांनी सांगितलं की चूक चिसोमोची नाही, शिकवणाऱ्या बाईची आहे. नाव-गाव काढून टाक. चिसोमोने विचारलं, मग उरलं काय? उमाताई म्हणाल्या, “ती आई गोळ्या कुठे लपवायची, ते सांग.”

गुरुवारी अनुपमने सभागृहाशी जोडून दिलं. गोदाही पदराला हात पुसत शेजारी येऊन बसली. चिसोमोने आकडे मांडले, तक्ते दाखवले. मग म्हणाली, एक आई होती, ती पिठाच्या डब्यात गोळ्या ठेवायची. एवढं मात्र उमाताईंनी कुजबुजत गोदाला मराठीतून सांगितलं.

“मी तांदळात,” गोदा म्हणाली.

मग टाळ्या झाल्या, परीक्षकांनी प्रश्न विचारले, चिसोमोने शांतपणे उत्तरं दिली. अनुपमने लगेच लिहून पाठवलं, ‘काकू, रंगलं.’

गोदा गेल्यावर उमाताईंनी देवापुढे निरांजन लावलं. त्या दूरच्या आईचं नाव आणि गाव देवाला सांगितलं, पाठोपाठ गोदाचंही. ओठ हलले नाहीत.